पटाशी आणि रंध्याच्या पात्याला जिगवर धार कशी लावावी

दुकानातून नवी पटाशी आणली म्हणजे ती लगेच कामाला येते, असे नाही. कारखान्यात तिचा उतार, म्हणजे धारेकडचे तिरके तोंड, साधारण २५ अंशांना घासून दिलेला असतो. दगडावरचे शेवटचे काम घेणाऱ्यावर सोडलेले असते. रंध्याच्या पात्याचेही तेच. नवशिक्याला हे बहुधा कोणी सांगत नाही. मग पटाशीखाली लाकूड कापले जाण्याऐवजी चेपले जाते, रंधा कुठे उड्या मारतो, कुठे तंतू उपटतो, आणि सुतारकाम आपल्याला जमणारच नाही असे वाटू लागते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, धारेचा असतो.

पिढीजात सुतार जमिनीवर बसून, दगड पायाने अडवून, नुसत्या हाताने धार लावतात आणि त्यांचा कोन हलत नाही. त्यामागे रोजचा सराव असतो. ज्यांच्या हातात पटाशी फक्त रविवारी येते, त्यांनी तो सराव होईपर्यंत बोथट हत्यारांशी का झगडावे? त्यांच्यासाठी जिग आहे. पाते ठरावीक कोनात पकडून ठेवणारी, खाली एक चाक असलेली ही छोटी पकड दगडावर पुढेमागे फिरवायची. बाजारात ती ‘होनिंग गाइड’ या नावाने मिळते, म्हणून पुढे तिला गाइडच म्हणतो.

गाइडचे काम एकच: दरवेळी तोच कोन. मागच्या वेळी ३० अंशांना धार लावली आणि आज पाते २८ वर बसले, तर दगड धारेच्या टोकाला पोचतच नाही, उताराच्या मागच्या अंगालाच घासत राहतो. तेवढे सगळे पोलाद निघून जाईपर्यंत धार येत नाही. उलट आज ३२ वर बसले तर धार लवकर येते, पण दर खेपेला कोन बोजड होत जातो. कोन अगदी तोच राहिला, तर टोकाचे केसभर पोलाद काढून भागते आणि काम दोन-चार मिनिटांत उरकते. हा नेमकेपणा महाग गाइडमुळे येत नाही. पाते गाइडच्या पुढे किती बाहेर काढले, त्या अंतरामुळे तो येतो. म्हणून या लेखात गाइडपेक्षा अंतर मोजणाऱ्या फळीवर माझा जास्त भर आहे.

कोन कोणता ठेवायचा

रोजच्या पटाशीला मुख्य उतार २५ अंश आणि टोकाला अगदी अरुंद असा दुसरा उतार ३० अंश, हे माप सगळ्यात सोयीचे. मोठा उतार २५ वर राहू द्यायचा आणि दगडावर फक्त टोकाची पट्टी घासायची. हातोडीने ठोकून खाच पाडायची जाड पटाशी असेल तर टोकाला ३० ते ३५ अंश द्या, नाहीतर टवके उडतात. नुसत्या हाताच्या दाबाने सोलायच्या पातळ पटाशीला २५ सुद्धा चालतात.

साध्या लोखंडी रंध्यात पाते ४५ अंशांवर, उतार खाली करून बसते. पात्याला ३० अंशांची धार असेल तर धारेच्या मागे लाकडापासून १५ अंशांची मोकळी जागा उरते. ती फार कमी झाली तर धारेची मागची बाजू लाकडावर घासते आणि पाते कापायचे सोडून सरकू लागते. म्हणून या पात्याला ३३ च्या वर नेऊ नका.

आपल्याकडे बरेच काम सागवानात होते. सागवानात सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते. सागवानावर २५ अंशांची नाजूक धार थोड्याच वेळात गोल होते. तिथे ३० अंश किंवा एखादा अंश जास्त ठेवलेलाच बरा.

जुन्या पात्याचा कोन किती आहे हे पाहायला कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी आणि उताराची लांबी मोजा. उतार जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश. पाते ३ मिमी जाड असेल तर ६ मिमीचा उतार म्हणजे ३०, आणि साधारण ७ मिमीचा म्हणजे २५.

सामान

दगडापासून सुरू करू. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड टवके काढायला ठीक, पण त्याची बारीक बाजूही शेवटच्या धारेसाठी खरबरीतच असते. पैसे घालायचे असतील तर १००० आणि ६००० नंबरचा जोडीचा वॉटर स्टोन, म्हणजे पाण्याने ओला करून वापरायचा दगड, घ्या. नुसते करून पाहायचे असेल तर वॉटर पेपर पुरेसा आहे: ४००, १००० आणि २००० किंवा २५००. बारीक नंबर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतात. कागद चिकटवायला सपाट जागा हवी, आणि त्यासाठी ग्रॅनाइटसारखी दुसरी वस्तू नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचे काम करणाऱ्यांकडे पॉलिश केलेले तुकडे उरलेले असतात. फूटभर लांब, सात-आठ इंच रुंद असा एक मागून आणा. पॉलिशच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. खालून उजेड दिसला नाही तर तुकडा कामाचा. त्यावर पाणी शिंपडून कागद ठेवला की तो आपोआप चिकटून बसतो.

गाइड मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात दोन जबडे पात्याला बाजूंनी धरतात आणि खाली एक अरुंद चाक असते. शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीच्या ‘एक्लिप्स ३६’ या गाइडची ही घडण. आज काही शे रुपयांत मिळणारी जवळजवळ सगळी गाइड त्याचीच नक्कल आहेत. वरच्या खाचेत रंध्याचे पाते बसते, खालच्या तिरक्या खाचेत पटाशी. दुसऱ्या प्रकारात पाते वरून दाबून धरले जाते आणि चाकाऐवजी रुंद रूळ असतो. कॅनडाच्या ली व्हॅलीचे ‘व्हेरिटास मार्क टू’ हे त्यातले नावाजलेले. त्याला कोन लावण्याची वेगळी पट्टी येते आणि रूळ फिरवून एक-दोन अंश वाढवता येतात. मात्र वरून दाबणाऱ्या पकडीत अरुंद पटाशी तिरकी व्हायला बघते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला, स्वस्त प्रकारच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या ली-नील्सनचे गाइडही याच बाजूने धरणाऱ्या घडणीचे आहे. फरक आहे तो सफाईचा.

ती सफाई स्वस्त गाइडला आपण हाताने देऊ शकतो. पटाशीच्या खाचेत बोट फिरवून पाहा. ओतकामाचे खडे आणि रंगाचा थर हाताला लागतो, आणि पटाशी त्यावर डुगडुगते. छोट्या त्रिकोणी कानशीने खाच साफ करा, पटाशी घालून पुन्हा पाहा. दोन्ही जबडे मिटवले की त्यांची पुढची तोंडे एका रेषेत यायला हवीत; एक पुढे आले असेल तर तेही कानशीने मागे घ्या. चाकाच्या आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. अर्ध्या तासाचे हे काम एकदाच करायचे असते.

अंतराची फळी

बाजूने धरणाऱ्या या घडणीच्या गाइडसाठी मापे ठरलेली आहेत. रंध्याचे पाते जबड्याच्या तोंडापासून ३८ मिमी बाहेर काढले की ३० अंश, ५० मिमी काढले की २५. पटाशी खालच्या खाचेत बसते म्हणून तिची मापे वेगळी: ३० मिमी म्हणजे ३० अंश, ४० मिमी म्हणजे २५. पुष्कळ गाइडच्या अंगावर ही मापे कोरलेलीच असतात. पाते जितके आत, तितका कोन उभा.

दरवेळी पट्टी लावून मोजायला गेलात तर मिलिमीटरभराचा फरक पडणारच. म्हणून फळी करायची.

साधारण २०० बाय १५० मिमीचा, १८ मिमी जाड प्लायचा तुकडा घ्या. त्याची एक लांब कड अगदी सरळ हवी. तीच आपली मापाची कड. त्या कडेपासून ३०, ३८, ४० आणि ५० मिमीवर गुण्या लावून, धारदार पेन्सिलीने, कडेला समांतर अशा छोट्या रेषा मारा. चारही शेजारी-शेजारी, प्रत्येकीला पाऊण-एक इंच मोकळी जागा सोडून. फक्त रंध्याचे पाते रुंद असते, तेव्हा ३८ आणि ५० साठी जागा जास्त ठेवा. या मापांचे ठोकळे फळीच्या दोन टोकांना घेतले तर अडचण होत नाही.

आता टणक लाकडाचे चार ठोकळे कापा. प्रत्येकाच्या समोरच्या खालच्या कडेवर कानस फिरवून ती थोडी मारा, म्हणजे पोलादाची माती आणि लाकडाचा भुसा तिथे अडकून माप बिघडवणार नाही. समोरच्या तोंडाला सनमाइकाची पट्टी चिकटवली तर धार टेकून टेकून लाकडात खड्डा पडत नाही. ठोकळा फेविकॉल लावून रेषेवर ठेवा, गुण्याने पुन्हा तपासा, गोंद वाळला की खालून एक स्क्रू द्या. वर मार्करने लिहा: ‘पटाशी ३०’, ‘रंधा ३०’ असे. फळीच्या खाली, मागच्या बाजूला एक आडवी पट्टी मारली की ती टेबलाच्या कडेला अडकते आणि वापरताना सरकत नाही.

वापर सोपा आहे. गाइडमध्ये पाते सैल धरायचे, जबड्याची तोंडे फळीच्या कडेला टेकवायची, पाते पुढे सरकवून ठोकळ्याला हलके लावायचे आणि स्क्रू आवळायचा. रुंद पात्याचे दोन्ही कोपरे ठोकळ्याला लागले म्हणजे पाते काटकोनातही बसले. हाताने आवळलेला स्क्रू कधीकधी घासताना सैल होतो, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरने पाव फेरा जास्त द्या. त्याहून जास्त ताकद लावली तर पटाशी खाचेत वळते.

शिवाय ३ मिमी जाडीची एक सुटी पट्टी कापून फळीला दोरीने बांधून ठेवा. ती ठोकळा आणि पाते यांच्या मध्ये धरली की पाते तेवढे कमी बाहेर येते आणि कोन सुमारे दीड-दोन अंशांनी वाढतो. सागवानासाठी किंवा टवके उडणाऱ्या पोलादासाठी हे उपयोगी पडते.

आधी पाठ

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेषा. उतार कितीही चकचकीत केला आणि पाठ, म्हणजे उताराच्या उलटी सपाट बाजू, खडबडीतच राहिली, तर धार खडबडीतच येणार. नवशिके इथे घाई करतात, म्हणून सावकाश सांगतो.

गाइड न लावता पटाशीची पाठ ४०० च्या कागदावर सपाट ठेवा. टोकाकडचा २०-२५ मिमी भागच कागदावर हवा. अख्खी पाठ घासण्यात अर्थ नाही. दोन बोटांनी टोकाजवळ दाबा आणि मूठ किंचितही वर उचलू नका. मूठ उचलली गेली की पाठीचे टोक गोल होते, आणि ते पुन्हा सपाट करायला फार पोलाद काढावे लागते. थोडे घासून पाहा: ज्या भागाला कागद लागला तो राखाडी दिसतो, राहिलेला चमकतो. धारेलगतची सगळी रुंदी एकसारखी राखाडी झाली की १०००, मग २०००. शेवटी धारेजवळ स्वतःच्या बोटाचे प्रतिबिंब दिसायला हवे. हे एका हत्याराला आयुष्यात एकदाच करायचे आहे.

रंध्याच्या पात्यासाठी डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्रज कारागिराने लोकप्रिय केलेली एक युक्ती आहे. दगडाच्या लांब कडेवर अर्धा मिमी जाडीची स्टीलची पट्टी ठेवायची, पात्याची पाठ तिच्यावर टेकवायची आणि टोक दगडाच्या दुसऱ्या कडेला घासायचे. पाते जेमतेम अर्धा अंश उचलले जाते, आणि पाठीचा टोकाचा काठ तेवढा चटकन चकचकीत होतो. पटाशीला मात्र ही युक्ती लावू नका. पटाशीची पाठ लाकडावर टेकवूनच आपण सरळ कापतो. ती टोकाला उचललेली असेल तर काप भरकटतो.

आता धार

पाते फळीवर लावून आवळा. नवे किंवा बिघडलेले पाते असेल तर आधी २५ अंशांवर लावून ४०० ने मुख्य उतार सरळ करा, मग ३० वर आणा. उतार ठीकच असेल तर थेट ३० वर या.

दोन्ही तर्जन्या पात्याच्या टोकाजवळ ठेवा, अंगठे गाइडच्या मागे. दाब तर्जन्यांनी धारेवर द्यायचा, चाकावर नाही. कागद वापरत असाल तर फक्त आपल्याकडे ओढताना घासा; पुढे ढकलले तर धार कागदात घुसून तो फाटतो. दगडावर दोन्हीकडे चालते, तरी सुरुवातीला ओढतानाच दाब द्या. दगडाच्या एकाच पट्ट्यात चाक फिरवत राहिलात तर मऊ वॉटर स्टोनला मध्येच खोलगट चर पडतो, म्हणून जागा बदलत राहा.

१००० वर पाच-सात वेळा ओढून थांबा आणि पाते उजेडात धरा. टोकाला चकाकणारी केसाएवढी रेषा दिसेल. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आहे का? मग पाठीकडून बोट धारेच्या बाहेर सरकवा, धारेवरून आडवे कधीच नाही. बोटाला बारीक खरखर लागली पाहिजे. हीच बर: उताराचे पोलाद घासून पलीकडे वळलेली किनार. बर पूर्ण रुंदीला आली, तरच धारेच्या टोकापर्यंत पोचलो असे समजा. ती येण्याआधी बारीक दगडावर गेलात तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. हे एक पक्के धरले तर बाकी सगळे सांभाळून घेता येते.

बर आली की १००० वरचे काम संपले. आणखी घासू नका. गाइड आणि पाते पुसा, नाहीतर जाड कण बारीक दगडावर जातात. बारीक दगडावर हलक्या दाबाने दहा-बारा वेळा ओढा. मग पाते गाइडमधून न काढता उलटे करून, पाठ बारीक दगडाच्या कडेवर सपाट टेकवून बर काढा. पुन्हा उतार दोन-तीन वेळा, पुन्हा पाठ. शेवटी बफिंगची हिरवी वडी चोळलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजू चार-पाच वेळा मागे ओढल्या तर उरलीसुरली किनारही जाते.

धार तपासायला हातावरचे केस कापून बघण्यापेक्षा पॅकिंगच्या खोक्याचे मऊ पाइन घ्या आणि त्याच्या आडव्या छेदावर पटाशी चालवा. मऊ लाकडाचे तंतू बोथट धारेखाली लगेच चेपतात आणि पांढुरके, खडबडीत दिसतात. धार चांगली असेल तर छेद गुळगुळीत, किंचित चमकदार निघतो. सागवानाचा छेद इतका कडक परीक्षक नाही.

रंध्याच्या पात्याला आणखी एक गोष्ट लागते. त्याचे कोपरे अगदी सरळ राहिले तर फळीवर प्रत्येक फेऱ्याची रेघ उमटते. म्हणून १००० वर असतानाच डाव्या कोपऱ्यावर बोट दाबून सहा-आठ वेळा, मग उजव्यावर तेवढेच ओढा. धार कळेल न कळेल इतकी गोलाईत येते. अरुंद चाकाच्या गाइडवर हे सहज जमते, रुंद रुळावर जमत नाही. स्वस्त गाइड घ्या म्हणण्याचे हेही एक कारण.

काही अडचणी

धार तिरकी होत असेल तर बहुधा पटाशीच्या बाजू समांतर नसतात किंवा एका बोटाचा दाब जास्त पडतो. ज्या कोपऱ्याकडे पाते जास्त लांब राहिले आहे, तिथे दाब वाढवा. दोन-तीन वेळच्या धारेत ते सरळ होते. ६ मिमी आणि त्याहून अरुंद पटाशी चाकावर डोलते. तिथे एकच तर्जनी बरोबर मध्यावर ठेवा आणि दाब अगदी कमी द्या.

दगड खोलगट झाला की त्यावर पेन्सिलीने चौकटी काढा आणि ग्रॅनाइटवर २२० चा वॉटर पेपर ठेवून सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत ओला घासा. खोलगट दगडावर कुठलेच गाइड सरळ धार देत नाही.

टोकाचा दुसरा उतार दर धारेला थोडा रुंद होतो. तो दोनेक मिमी झाला की घासायला वेळ लागू लागतो. तेव्हा पाते पुन्हा २५ वर लावून मुख्य उतार मागे घ्या. हे ग्राइंडरवरही होते, पण सांभाळून. साध्या पोलादाची धार निळी पडली म्हणजे ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापले आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, आणि धारेच्या टोकापर्यंत न जाता जरा आधीच थांबून उरलेले काम दगडावर करा.

गोल पटाश्या या गाइडमध्ये बसत नाहीत. छोट्या स्पोकशेव्हचे, म्हणजे गोलाई तासायच्या दोन मुठींच्या रंध्याचे, पाते पकडीला आखूड पडते; त्याला लाकडाच्या तुकड्यात खाच पाडून मूठ करून घ्यावी लागते. जपानी पटाश्यांची मान आणि बाजू वेगळ्या घडणीच्या असतात, आणि त्यांचा उतार एकाच सपाट कोनात ठेवायची पद्धत आहे. त्या हातानेच घासलेल्या बऱ्या.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात धार लावून झाल्यावर पाते लगेच कोरडे करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होते. गाइडचे चाकही पुसून त्याच्या आसावर एक थेंब सोडा. वॉटर स्टोनचा चिखल तिथे वाळला की चाक फिरायचे थांबते, घसटत जाते आणि एका बाजूने चपटे होते.